पालिंका आणि आमचे प्रवासवर्णनकार

परीक्षणासाठीं आमच्याकडे येणाऱ्या पुस्तकांत प्रवासवर्णनांचा भरणा अलीकडे फार वाढला आहे. ही गोष्ट वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मराठी माणूस घराबाहेर पडतो, चार देश पाहतो आणि परत येऊन पाहिलेलें लिहून काढतो, यांत आनंद मानण्यासारखेंच आहे. परंतु हीं पुस्तकें एकामागून एक वाचीत गेलें म्हणजे त्यांतील एक प्रसंग इतक्या नियमानें पुनः पुनः भेटूं लागतो कीं, तो प्रवासांत घडला कीं प्रवासास निघण्यापूर्वींच लिहून ठेवला होता, अशी शंका यावी. लेखक युरोपांतील एखाद्या गांवीं जातो. तेथील लोक मोठे प्रेमळ निघतात. ते त्याच्यापुढें एक लहानसा पेला ठेवतात; पेल्यांत पाण्यासारखें कांहीं असतें. लेखक तें एका दमांत घशाखालीं लोटतो. मग घशांत वणवा पेटतो, डोळ्यांतून गंगायमुना वाहूं लागतात, यजमान खदखदां हंसतात, कोणी पाठीवर थाप मारतो, आणि सर्व मानवजात एकच असल्याचा साक्षात्कार होऊन प्रकरण संपतें. पेय रशियांतील असो, सर्बियांतील असो कीं हंगेरींतील असो, वणवा तोच आणि गंगायमुनाहि त्याच. पेल्यांत धान्य होतें, बटाटा होता कीं फळ होतें, याचा पत्ता लेखकास नसतो व वाचकासहि लागत नाहीं. विशेषण ठरलेलें आहे: "कडक".

या प्रसंगाविरुद्ध आम्हांस आज लिहावयाचें आहे, आणि तें हंगेरीच्या पालिंकेच्या निमित्तानें. दुसरें एखादें पेय घेतलें असतें तरी चाललें असतें. परंतु पालिंकेच्या बाबतींत हा अपराध आमच्या स्वतःच्या हातून घडलेला आहे, तो छापलाहि गेला आहे, आणि त्याबद्दल आमची जी कानउघाडणी झाली ती वाचकांपुढें मांडणें आम्हांस योग्य वाटतें. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ काढावयास निघतांना आपल्या डोळ्यांतील मुसळ आधींच दाखविलेलें बरें.

प्रथम वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. पालिंका म्हणजे फळांचा अर्क. शब्द मूळचा हंगेरियन नव्हे. जाळणें या अर्थाच्या स्लाव्ह धातूपासून तो निघाला आहे. आलुबुखार, जर्दाळू, नासपती, सफरचंद, गोड चेरी, आंबट चेरी, आणि आमच्याकडे जिचें केवळ बीं 'बिहीदाणा' म्हणून वैद्याच्या पुडींतून ओळखीचें आहे ती बिही, या सर्वांची पालिंका होते. ज्याचा मुरंबा करतां येतो त्याची पालिंकाहि करतां येते, अशी त्या लोकांत म्हणच आहे. द्राक्षें पिळून राहिलेल्या चोथ्याचीहि करतात. फळ पुरतें पिकलेलें हवें. कच्च्या फळांत साखर नाहीं आणि साखरेवांचून आंबवण उठत नाहीं. फळें धुवून, देंठपानें काढून, आठळ्या बहुतेक वेगळ्या करून गर पिंपांत भरतात आणि तो आपल्या अंगच्या साखरेवर आंबूं देतात. बाहेरची साखर घालण्यास कायद्यानेंच बंदी आहे. मग जुन्या पद्धतीप्रमाणें तांब्याच्या भांड्यांत तो दोनदां उकळून त्याची वाफ थंड करावयाची. दुसऱ्या खेपेस अर्काचे तीन भाग पाडतात. पहिला भाग नाकास झोंबणारा व घातक, तो टाकून द्यावयाचा. शेवटचा जड व कुबट, तोहि बाजूस काढावयाचा. मधला तेवढा ठेवावयाचा. कोठें तोडावयाचें हें थर्मामीटर थोडेंफार सांगतो, बाकीचें भट्टीपाशीं बसलेल्या माणसाचें नाक सांगतें. आमच्याकडील गुऱ्हाळावर काहील केव्हां उतरावयाची हें गुळव्यास कळतें, तशांतलाच हा प्रकार. सामान्यतः दहा किलो फळांमागें लिटरभर पालिंका हातीं लागते. म्हणजे ज्या पेल्याचा आमचे लेखक एका दमांत निकाल लावतात त्यांत मूठभर फळें, कांहीं आठवड्यांचें आंबणें आणि एका माणसाचें रात्रभर जागणें असतें.

कांहीं वर्षांपूर्वीं ऑक्टोबरच्या आरंभीं बुदापेस्त येथें बूडाच्या किल्ल्याच्या आवारांत पालिंकेची व कोल्बास नांवाच्या तिखट सॉसेजची जत्रा भरली होती. तिला जाण्याचा योग आम्हांस आला. बरोबर दोघे होते. एक आमचा जुना मराठी मित्र, नोकरीनिमित्त त्या शहरांत बरींच वर्षें राहिलेला. दुसरे त्याच्या ओळखीनें आमचेहि स्नेही झालेले एक हंगेरियन गृहस्थ. हे ईशान्येकडील सात्मार भागांतले. तो भाग आलुबुखारांचा. तेथील आलुबुखारांच्या पालिंकेचें नांव कायद्यानें राखलेलें आहे. गृहस्थ धंद्यानें शिक्षक असल्यामुळें आमचा मित्र त्यांस मराठींत 'मास्तर' म्हणे, आणि त्या शब्दाचा अर्थ ऐकल्यापासून ते त्या हांकेस ओ देऊं लागले होते.

जत्रेच्या दारांत कांचेचा एक लहान पेला विकत मिळाला व तो ठेवण्यास गळ्यांत अडकविण्याची एक पिशवी. पोटाशीं नाजूक फुगलेला आणि तोंडाशीं मिटलेला असा त्याचा घाट होता. तो घाट कां, हें आम्हांस पुढें कळावयाचें होतें. खालीं डॅन्यूब नदी, पलीकडे पेस्तचे दिवे, आवारांत ठेल्यांच्या रांगा, कढईंत चरचरणारे कोल्बास, आणि पावाच्या जाड कापांवर डुकराची चरबी फांसून वर तांबड्या कांद्याच्या चकत्या व तिखट भुरभुरून देणाऱ्या बायका. ठेल्याठेल्यावर भट्टीची माणसें उभीं होतीं आणि कोणतें फळ कोणत्या बागेंतलें हें विचारणाऱ्यास सांगत होतीं. गर्दी होती, पण रेटारेटी नव्हती. आम्ही हा देखावा पाहण्यांत गुंग असतां मास्तरांनीं आम्हांस एका भिंतीकडेच्या बांकावर नेलें. ठेल्यांवरील माल सुरू करण्यापूर्वीं एक गोष्ट करावयाची आहे, असें म्हणून त्यांनीं कोटाच्या आंतल्या खिशांतून एक चपटी बाटली काढली. तिच्यावर चिकटविलेल्या कागदाच्या तुकड्यावर शिसपेन्सिलीनें एक साल आणि एक शब्द लिहिलेला होता.

ती त्यांच्या वडिलांची पालिंका होती. वडील आदल्या हिंवाळ्यांत वारले होते. घरामागील आलुबुखारांचें आंबवण घेऊन दर वर्षीं ते गांवच्या भाड्याच्या भट्टीवर जात, आपली पाळी येईपर्यंत तेथेंच बसून राहत आणि दुसऱ्या कोणास तोडीजवळ येऊं देत नसत. ही शेवटल्या खेपेची. बाग पुढें विकली गेली व नव्या मालकानें झाडें काढलीं. मास्तरांनीं हें सर्व चार वाक्यांत सांगितलें, तीन पेल्यांत थोडी थोडी ओतली आणि आपला पेला नाकाकडे नेला.

आम्हीं काय केलें हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. आम्हीं ती एका दमांत गिळली. गिळली, ठसकलों, डोळे पुसले आणि मोठ्यानें म्हणालों, "कडक!" आमचा मित्र हंसला. शेजारच्या बांकावरील अनोळखी माणसेंहि हंसलीं. मास्तरहि हंसले. त्यांनीं आपला पेला सावकाश संपविला, रिकामा पेला पुन्हा एकदां हुंगला, बाटलीस बूच लावलें व ती खिशांत ठेवली.

नंतरचे दोन तास त्यांनीं ज्या धीरानें आम्हांस शिकविलें त्या धीरानें आमच्या कोणा गुरुजींनीं आम्हांस व्याकरण शिकविलें असतें तर आमचें आयुष्य वेगळें झालें असतें. पालिंका बर्फांत ठेवून थंडगार करूं नये. गारठ्यानें वास मरतो, आणि वास मारावयाचा असेल तर फळ कशाला हवें? ती साध्या गार खोलीच्या उष्णतेवर, सोळासतरा अंशांवर, घ्यावी. पेल्याचें तोंड मिटतें असतें तें वास कोंडून वर आणण्यासाठीं. नाक एकदम आंत खुपसूं नये. प्रथम दुरून, मग जवळून. पहिला घोट थेंबाएवढा, जीभ ओली करण्यापुरता. दाह होतो तो त्या पहिल्या थेंबाचा, आणि तो ओसरल्यावर फळ येतें. केच्केमेतच्या जर्दाळूंत आम्हांस प्रथम सालीचा किंचित् लोकरी वास आला, मग मध, आणि सर्वांत शेवटीं जर्दाळूची आठळी फोडल्यावर येते ती कडवट बदामाची झांक. बिहीची पालिंका हुंगतांना तर आम्हांस पिकल्या पेरूंची टोपली आणि लग्नांतली गुलाबदाणी एकाच वेळीं आठवली. नासपतीची गोड वाटली, तरी तिच्यांत साखरेचा कण नव्हता; तो गोडवा नाकाचा, जिभेचा नव्हे, हें कळावयास आम्हांस तीन घोट लागले. मुरलेल्या फळांवर महिनोन् महिने ठेवलेली एक पालिंका होती. तिच्या हंगेरियन नांवाचा अर्थ 'शेजेवरची' असा होतो. ती रंगानें पिवळसर, चवीला बुळबुळीत. आम्हांस ती आवडली नाहीं. मास्तर म्हणाले, शेजेखालीं पुष्कळ दोष झांकतां येतात.

आणि रिकामा पेला! पेला वाळला म्हणजे त्यांतील मद्य उडून जातें व फळ मागें राहतें. चांगल्या मालाची परीक्षा भरल्या पेल्यापेक्षां रिकाम्यावर होते. तें ऐकल्यावर बांकावरील प्रसंगाचा अर्थ आमच्या डोक्यांत शिरला. निघतांना आम्हीं शक्य तितक्या नम्रपणें म्हटलें कीं, ती पहिली पुन्हां थोडी मिळाल्यास बरें होईल. मास्तर म्हणाले, "ती आज झाली."

येथें आम्हीं शहाणें व्हावयास हवें होतें. पण घरीं आल्यावर एका मासिकासाठीं प्रवासलेख लिहावयास बसलों तेव्हां लेखणीनें जुनीच वाट धरली. बांकावरील प्रसंग रंगवून लिहिला: निखारा, वणवा, ठसका, हंशा, पाठीवरची थाप. थाप कोणी मारलीच नव्हती. वडिलांची गोष्ट गंभीर होईल म्हणून गाळली. बिही, जर्दाळू वगैरे लांबण नको म्हणून गाळलें. लेख वाचकांस आवडला. आमच्या मित्रानें तो मास्तरांस हंगेरियनमध्यें वाचून दाखविला. महिन्याभरानें त्यांचें पत्र आलें. त्यांतील एक वाक्य आम्हीं जसेंच्या तसें देतों: "तुम्हीं तुमच्या घशाविषयीं लिहिलें आहे, फळाविषयीं त्यांत कांहीं नाहीं."

आमच्या प्रवासवर्णनांवर याहून नेमकी टीका आम्हीं वाचलेली नाहीं. आमचा लेखक परदेशांत जातो आणि स्वतःच्या घशाचें वर्णन घेऊन परत येतो. समोरची वस्तु हें केवळ त्याच्या ठसक्याचें निमित्त. भोळेपणाचें सोंग वाचकास गोड वाटतें हें त्यास ठाऊक असतें; आपण अनुभवी दिसलों तर घरचीं वडील माणसें काय म्हणतील ही धास्तीहि मागें असते. म्हणून तो पितो आणि न प्याल्यासारखें लिहितो. ठसका हें त्याचें प्रायश्चित्त आहे. खोकून टाकलें कीं दोष गेला!

यावर दोन आक्षेप येतील. त्यांतील पहिला फुसका आहे: चव शब्दांत येत नाहीं, असा. आंब्याच्या दिवसांत कोंकणांतील कोणाहि म्हातारीस विचारा. हा पाणचट, हा चिकाच्या वासाचा, हा नुसता गोड, ह्याच्या गोडीला आंबटाची धार आहे, हा आढींत दोन दिवस जास्त राहून उतरला, असें ती डोळे मिटून सांगेल. जी भाषा तुरट आणि कडवट, खवट आणि कुबट, उग्र आणि खमंग यांत कधीं गल्लत करीत नाहीं तिला पालिंकेपुढें एकाएकीं वाचा बसते, हें खरें मानावयास आम्ही तयार नाहीं. वाचा भाषेची बसलेली नाहीं. लेखकाची बसलेली आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो आम्ही टाळणार नाहीं. दारू ती दारू. तिच्या चवीचीं कौतुकें कशाला? ज्या महाराष्ट्रांत महात्मा फुल्यांनीं १८८० सालीं पुण्यांतील दारूच्या गुत्त्यांविरुद्ध म्युनिसिपालिटीकडे लिहिलें, ज्या रंगभूमीवर १९१९ सालीं गडकऱ्यांचा 'एकच प्याला' आला, तेथें हा आक्षेप घेणाऱ्यास उत्तर देण्यापूर्वीं नमस्कार केला पाहिजे. दारूनें घरें बुडालेलीं आम्हींहि पाहिलीं आहेत. हंगेरीची स्थिति तर याबाबतींत भूषणावह नाहींच. १९९० च्या दशकांत यकृताच्या सिरोसिसनें मरणाऱ्यांच्या प्रमाणांत तो देश युरोपांत अगदीं वरच्या रांगेंत होता. मास्तरांचे एक काका त्याच रोगानें गेले. त्यांनीं तेंहि आम्हांस त्याच जत्रेंत, पेला हातांत असतांना सांगितलें, आवाज न चढवितां आणि न उतरवितां. जो मनुष्य पीत नाहीं त्याच्या नकाराबद्दल आम्हांस पूर्ण आदर आहे. जत्रेंत बिहीचा मुरंबा खाऊन परत आलेला मनुष्यहि उत्तम प्रवासवर्णन लिहूं शकेल. पण नकार ही एक गोष्ट आणि पिऊन केलेली थट्टा ही दुसरी. गडकऱ्यांस दारूची चव सांगावयाची नव्हती, तिचा परिणाम सांगावयाचा होता, आणि तो त्यांनीं असा सांगितला कीं शंभर वर्षांनंतरहि आमचीं वर्तमानपत्रें प्रत्येक दारुड्यास 'तळीराम' म्हणतात. दोष त्यांचा नाहीं. दोष त्यांच्यामागून आलेल्यांचा, ज्यांनीं दारूविषयीं मराठींत दोनच साचे ठेवले: एक सुधाकराचा, एक तळीरामाचा. रडावयाचें किंवा हंसावयाचें. मास्तरांच्या वडिलांसारखा मनुष्य, जो वर्षांतून एकदां आपल्या झाडांचा अर्क काढतो व पाहुण्यास बोटभर ओततो, तो या दोहोंपैकीं कोणत्याच सांच्यांत मावत नाहीं. म्हणून तो आमच्या पुस्तकांत येतच नाहीं, आणि त्याच्या जागीं ठसका येतो. ठसक्यानें दारूबंदीसहि कांहीं मदत होत नाहीं. उलट जें एका दमांत गिळावयाचें तेंच अधिक गिळलें जातें; हुंगून घेणाऱ्यास दोन तासांत दोन बोटें पुरतात. आम्हांस तेवढीं पुरलीं.

आतां थोडें नांवाविषयीं, कारण आमच्या लेखकांनीं जत्रेंत जाऊनहि जी गोष्ट पाहिली नाहीं ती ही. पालिंका हें नांव तेथें कोणीहि कशासहि देऊं शकत नाहीं, आणि हें आपोआप झालेलें नाहीं. एक काळ असा होता कीं, कारखान्यांतील निर्भेळ स्पिरिटमध्यें फळाचा अर्क नांवापुरता मिसळून तेंच पालिंका म्हणून खुशाल विकलें जाई. दुसरीकडे खेड्यांतील कच्च्या हाताचा माल इतका जहाल कीं, लोकांनीं त्यास 'कुंपणफाडी' अशा अर्थाचें नांव ठेवलें होतें. अशा रीतीनें नांव दोन्ही बाजूंनीं बुडालें होतें. २००२ सालीं नियम झाला कीं, शंभर टक्के फळाचा अर्क असेल तरच ती पालिंका. २००४ सालीं हंगेरी युरोपीय संघांत शिरला तेव्हां हें नांव त्यानें आपल्यासाठीं राखून घेतलें; शेजारच्या ऑस्ट्रियाच्या चार प्रांतांना मात्र जर्दाळूच्या अर्कापुरती मुभा राहिली. २००८ सालीं पालिंकेचा स्वतंत्र कायदाच झाला. फळ हंगेरींत पिकलेलें, आंबवण तेथलें, भट्टी तेथली, बाटलींत भरणें तेथलें. मद्यार्क शेंकडा साडेसदतीसपेक्षां कमी नको. रंग नको, साखर नको, वरून घातलेला सुवास नको. घरगुती भट्टीच्या करमाफीचा तंटा वेगळा: २०१० सालीं सरकारनें ती दिली, २०१४ च्या एप्रिलांत युरोपीय न्यायालयानें ती संघाच्या नियमांविरुद्ध ठरविली, आणि २०२१ पासून ती पुन्हां मिळाली. त्या माफीमागें मतांवर डोळा नव्हता असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं, आणि घरची ती चांगलीच असें मानण्याइतके तर मुळींच नाहीं. कुंपणफाडी घरींच निघते. परंतु एका फळाच्या अर्कास काय म्हणावें व काय म्हणूं नये यासाठीं जें राष्ट्र इतकीं वर्षें कायदे घडवितें त्याच्या पेल्यावर आम्ही एक 'कडक' फेंकून मोकळे होतों, हें कोणत्या तोंडानें?

जाहिरातदारांनीं याच्या उलट टोंकाचा गोंधळ घातला आहे, तोहि येथेंच निकालांत काढूं. पालिंका चौदाव्या शतकापासून, नेमकें सांगावयाचें तर १३३२ पासून चालत आली, असें माहितीपत्रकांत वारंवार छापतात. आधार काय, तर हंगेरीच्या राणीचें 'जीवनजल'. तें रोजमेरीसारख्या सुगंधी वनस्पतींचें औषध. तें सांधेदुखीवर चालावयाचें असें सांगतात. त्यांत फळ कोठें आहे? आमचे लेखक हें साल मात्र बिनचूक उतरून घेतात. तसेंच दुसरें: "हंगेरियन लोक पेल्यास पेला लावीत नाहींत." लावतात, बिअरचा लावीत नसत. ६ ऑक्टोबर १८४९ रोजीं ऑस्ट्रियानें अराद येथें तेरा हंगेरियन सेनापतींस देहान्त शिक्षा दिली, त्या वेळीं ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनीं बिअरचे पेले वाजवून आनंद साजरा केला अशी कथा आहे, व म्हणून दीडशें वर्षें बिअरचा पेला वाजवावयाचा नाहीं असा संकेत पडला. मुदत १९९९ सालीं संपली, तरी पुष्कळ लोक अजून तो पाळतात. पालिंकेस तो कधींच लागू नव्हता. मास्तर प्रत्येक ठेल्यापाशीं आमच्या डोळ्यांत पाहून पेल्यास पेला लावीत आणि "एगेश्शेगेद्रे" म्हणत. आपल्या आरोग्यासाठीं, एवढाच त्याचा अर्थ. वडिलांची ओतली तेव्हांहि त्यांनीं पेला पुढें केला असता, असें आतां आम्हांस वाटतें. आम्हीं त्यांस अवसरच दिला नाहीं.

परदेशच्या पेल्याविषयीं ही हेळसांड होते तिचें मूळ आमच्या घरीं आहे. मोहाचा वास मराठी वाङ्मयांत किती ठिकाणीं आला आहे? जंगलांत पहांटे फुलें वेंचणाऱ्या बाया आल्या आहेत, त्या चित्रासारख्या दिसतात म्हणून. फुलाचें पुढें काय होतें तें सांगावयाच्या वेळीं लेखक तोंड फिरवतो. सरकारनें मात्र फिरविलें नाहीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें गांवोगांवच्या भट्ट्यांवर जरब बसली आणि १८९२ च्या मोहाच्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांवरच निर्बंध आले. तिकडे कायदा फळाच्या नांवाचा राखणदार झाला, इकडे कायद्यानें फुलास आरोपी केलें. गोव्याच्या काजूफेणीस २००९ सालीं भौगोलिक निर्देशाची नोंद मिळाली. बोंडूचा रस, त्याचा पहिला अर्क हुर्राक, दुसरा फेणी, ही पालिंकेच्या दोन उकळींचीच सख्खी बहीण. पण फेणीविषयीं आमच्याकडे काय लिहितात? पुन्हां ठसका. आणि २०१५ च्या जूनमध्यें मुंबईंत मालवणी येथें शंभरांवर माणसें दगावलीं, तेव्हां जी प्याल्यांत होती ती ना फुलाची होती ना फळाची. तें मिथेनॉल होतें. तीहि दारू, हीहि दारू, असें एका शब्दांत उरकणाऱ्या भाषेंत तो फरक सांगणार कसा? माणसाच्या जिवाशीं गांठ असलेला फरक जिला सांगतां येत नाहीं ती भाषा सोंवळी राहिली असें म्हणण्यांत आम्हांस अर्थ दिसत नाहीं.

आमच्या परीक्षणविभागापुरतें आम्हीं ठरविलें आहे कीं, यापुढें ज्या पुस्तकांत हा ठसका आढळेल त्याच्या लेखकास आम्ही विचारणार: पेल्यांत कोणतें फळ होतें? कोणाच्या बागेंतलें? रिकामा पेला हुंगला होता काय? उत्तर येत नसेल तर तें पान काढून टाकण्याची शिफारस करणार. आमच्या स्वतःच्या लेखसंग्रहांतून तो लेख आम्हीं काढून टाकलाच आहे.

मास्तरांस आम्हीं हें कळविलें आणि, भीत भीत, बाटलींत किती उरली आहे तेंहि विचारलें. उत्तर आलें कीं, तीन बोटें आहे. पुढें लिहिलें आहे: "जत्रेच्या वेळीं येऊं नका, ऑगस्टच्या अखेरीस या. आमचीं झाडें नाहींत, पण त्याच जातीचें एक शेजाऱ्याकडे आहे. आधीं फळ खाऊन पाहा."